या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही

माझ्या बोलण्यामुळं माझ्या सुनेचं काम अडलं आणि तिला घर सोडून हैदराबादला जावं लागलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काही चांगलं निघेल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. भावकीतले म्हणतात, म्हातारीला काय कळतंय, चुकून झालं असेल. तसं नाही. मी काय बोलतेय ते मला कळत होतं. त्याचं पुढं काय होईल, ते कळलं नाही.

आम्ही निरवांगीचे. मुलगा वालचंदनगरला कारखान्यात लेथवर आहे. सून सांगवीची. बारामतीला कॉलेजात ती कंप्युटर शिकली. लग्न होऊन आली तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम सोबत घेऊनच आली. आमच्या माडीवर पत्र्याची खोली आहे, तिथं बसून ती करायची. उन्हाळ्यात तिथं भाजून निघतं, तरी खाली यायची नाही. खाली आलं की कुणीतरी काम सांगतं, असं तिचं म्हणणं. ते खरं होतं. मीच सांगायचे.

दोन वर्षांमागं त्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ही गेली. मला वाटलं आता खाली येईल. नाही आली. दुसऱ्या दिवशी वहीपेन घेऊन माझ्यासमोर बसली आणि विहिरीचं विचारायला लागली.

आमची विहीर चौघांत आहे. आम्ही आणि तीन दीर. प्रत्येकाला दोन दिवस पाणी, आठ दिवसांनी पाळी फिरून येते. ऐकायला सोपं आहे. पण मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. माझ्या पाळीत लाईट गेली तर ते तास कुणाचे? मोटार जळली आणि चार दिवस गेले तर पाळी पुढं सरकायची का तिथूनच सुरू करायची? आमच्यात यावरून डोकी फुटलेली आहेत. माझे मालक होते तेव्हा ते ठरवायचे, ते गेल्यावर मी ठरवायला लागले. कागदावर काही नव्हतं, माझ्या डोक्यात होतं.

सुनेनं ते सगळं माझ्याकडून काढून घेतलं. महिनाभर विचारत होती.

"आत्या, एखाद्याच्या घरी मयत झाली तर पाळी कुणाला?"

"सुतकात कोण पाणी धरणार? पुढच्याला द्यायची. तेरावं झालं की त्यानं तेवढेच तास माघारी द्यायचे."

"आणि त्यानं न्हाय दिले तर?"

"तर मी जाते त्याच्या दारात."

"ते कसं घालायचं कंप्युटरमधी?" म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

त्यातून तिनं सॉफ्टवेअर बनवलं. आमच्या चौघांच्या फोनवर आदल्या दिवशी निरोप यायचा: उद्या सकाळी अमुक वाजल्यापासून तुमची पाळी, मागचे दोन तास बाकी धरून. लाईट गेली की तिनं मोटारीवर बसवलेल्या डब्यातून तिला आपोआप कळायचं. तरी धाकटा दीर फोन बघायचा आणि शिवाय काठी घेऊन मोटारीपाशी उभा राहायचाच. पण बाकीच्यांचं भांडण कमी झालं, हे मी मान्य करते.

पुढं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या ओळखीतून कर्नाटकातल्या एका उपसा पाण्याच्या संघानं ते बघितलं. त्यांच्याकडं बरीच गावं, प्रत्येक गावात अशाच पाळ्या. त्यांना आवडलं. घेतो म्हणाले, पण दोन अटी घातल्या. एक, रब्बीच्या पाळ्या सुरू व्हायच्या आत पाहिजे. दुसरी, ते असं परस्पर कुणाकडून घेत नाहीत; क्लाउडच्या बाजारात ज्यानं दुकान मांडलंय त्याच्याकडूनच घेतात, त्यांचा तसा नियम आहे.

हा बाजार कसला, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, मोठाल्या कंपन्या आपले कंप्युटर लोकांना भाड्यानं देतात. ते कंप्युटर कुठं लांब असतात, आपल्याला दिसत नाहीत, त्याला क्लाउड म्हणतात. त्याच कंपनीनं एक बाजार मांडलाय. तिथं आपलं सॉफ्टवेअर विकायला ठेवायचं. घेणारा तिथंच बघतो, तिथंच घेतो, आणि त्याचे पैसे त्याच्या भाड्याच्या बिलात लागून येतात.

"मग ठेव की. अडलंय कुठं?"

"कुणालाबी बसू देत न्हाईत आत्या. आधी आपण कोण, ते त्यांना पटवून द्यावं लागतं."

ते मला समजलं. बाजारात ओळख नसलेल्या माणसाचं जनावर कुणी घेत नाही.

त्याच दिवसांत हैदराबादच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं. तिथं जाऊनच काम करायचं, घरी बसून नाही. नात सात वर्षांची, दुसरीत. मुलाची नोकरी इथं, नातीची शाळा इथं. म्हणजे सून एकटी जाणार आणि पोरगी माझ्याजवळ राहणार. नवराबायकोचं ठरलं होतं: दुकान लागलं आणि कर्नाटकवाल्यांनी घेतलं तर जायचं नाही. नाही लागलं तर जायचं. हैदराबादवाले महिनाभर थांबायला तयार होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पोरीलासुद्धा. पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, "मम्मी, लागलं का दुकान?"

सून भराभर कामाला लागली. दुकानात मालाचं वर्णन लिहायचं होतं. इंग्रजीत लिहून तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. गावातली भांडणं कायमची मिटवणारं, शेतकऱ्याचं आयुष्य बदलणारं, असलं काहीबाही होतं.

मी म्हणाले, "भांडण मिटतं म्हणून कुणी सांगितलं तुला? तुझा धाकटा सासरा अजून काठी घेऊन उभा असतो."

"जाहिरातीत असंच लिहित्यात आत्या."

"मग गिऱ्हाईक माघारी येतंय आणि शिव्या देतंय. कुणाची पाळी आणि किती तास, एवढं कळतं. तेवढंच लिही."

तिनं तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी तसंच लिहिलं. मग चित्रं लावायची होती. त्यात आमच्या चौघांची खरी नावं दिसत होती, ती तिनं बदलून खोटी घातली. काही बिघडलं तर गिऱ्हाइकानं फोन कुणाला करायचा, किती तासांत उत्तर मिळेल, घेतलेलं परत करायचं असेल तर काय, हे सगळं लिहून द्यावं लागत होतं. मला वाटलं होतं, माल चांगला असला की झालं. मालाला कुणी अजून हातही लावला नव्हता, नुसती मालकाचीच चौकशी चालली होती.

त्यात जीएसटीचा नंबर लागत होता. त्याशिवाय धंद्याच्या नावानं बँकेत खातं नाही आणि खात्याशिवाय बाजारात नाव नाही. नंबर काढायला धंद्याची जागा दाखवावी लागते. घर माझ्या नावावर आहे. म्हणून तिनं संमतीचा कागद करून आणला. मी तेव्हा मेथी निवडत होते. तिनं कागद वाचून दाखवला, मी "बरं बरं" म्हणत सही केली. एवढं मात्र ऐकलं, की कुणीतरी साहेब जागा बघायला येईल, आणि ती घरात नसली तर मी तिला लगेच फोन लावायचा.

तो साहेब आला त्या दिवशी ती बारामतीला बँकेत गेली होती.

आता जरा मागचं सांगावं लागेल. माझ्या सासरी आधी मेंढरं होती. दसरा-दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. मी लग्न होऊन आले तशी कळपामागं चालायला लागले, बरीच वर्षं चालले. वाटेत फॉरेस्टचा माणूस तळावर यायचा. मेंढरं कुणाची, किती, कुणाच्या परवानगीनं चरतात? मालकानं तोंड दाखवलं की दंड. म्हणून बाप्ये लांब जाऊन बसायचे आणि बायकांनी बोलायचं. सासूनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: "इचारलं तर म्हणायचं, मेंढरं आमची न्हाईत साहेब. धन्याची हाईत. धनी गावाला गेलाय. आमी नुसती राखणीला." असं सांगितलं की तो शिव्या घालायचा, एखादं कोकरू मागायचा, आणि जायचा. मला ते इतकं पाठ झालं की पुढं मेंढरं विकून आम्ही शेती धरली, तरी दारात कागद घेऊन माणूस उभा राहिला की माझ्या तोंडून तेच निघायचं. जनावरं किती? न्हाईत. घरात कमावतं कोण? कुणी न्हाय. मीटर कुणाचं? धन्याचं. यानं आमचं कधी काही बिघडलं नव्हतं.

तर त्या दिवशी दुपारी एक गाडी दारात थांबली. दोघं उतरले. त्यातल्या एकाच्या हातात फाईल होती. मी अंगण झाडत होते.

फाईलवाल्यानं सुनेचं नाव घेतलं. "आजी, ह्या बाईंचा धंदा इथंच चालतो का?"

"धंदा? हितं कसला धंदा साहेब? शेतकरी माणसं आमी."

"कंप्युटरचं काही करतात ना त्या?"

"करती वर बसून कायतरी. दुसऱ्याचं काम हाय ते. आमचं न्हाय."

"दुसऱ्याचं म्हणजे? नोकरी?"

"व्हय, तसंच काईतरी."

"दुकान, ऑफिस, बोर्ड असं काही?"

"बोर्ड कशाला लावंल घराला?"

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. पर सगळं पोरगंच बघतंय. सुनेच्या नावावर काय न्हाय."

त्यानं वर बघितलं. "खोली दाखवता का जरा?"

"कुलूप हाय. किल्ली तिच्याकडं."

कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. पण सून घरात नसताना दोन परके बाप्ये तिच्या खोलीत कसे सोडायचे? तिथंच ती झोपते, तिथंच तिचे कपडे असतात. अजून मला यात माझं चुकलं असं वाटत नाही. बाकीच्यात वाटतं.

माणूस सभ्य होता. पाणी मागितलं, प्यायला, तांब्या खाली नीट ठेवला. घराचा फोटो काढला, त्यात मी झाडणीसकट आले. कागदावर सही मागितली, मी केली. गाडी गेली तेव्हा मला बरं वाटलं. कसे पाठवून दिले, असं वाटलं. सुनेला फोन लावायचं मला सुचलंच नाही. सुनेनं सांगितलेला साहेब आणि हा दारात आलेला साहेब एकच, हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्यासाठी दारात आलेला माणूस म्हणजे फॉरेस्टवाला.

सून संध्याकाळी स्कूटीवरून आली. मी आपण होऊन सांगितलं, "दोघं आले होते फाईल घेऊन. दिले वाटंला लावून."

ती पायरीवर बसली. हेल्मेट काढलंच नाही. "काय सांगितलंत आत्या? शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "सही केली?"

"केली."

"वाचून?"

"न्हाय."

मग ती उठली आणि वर गेली. त्या दिवशी स्वयंपाक मी केला. पोरगी जेवताना म्हणाली, "आजी, मम्मी हेल्मेट घालूनच वर गेली," आणि खुदकन हसली. मुलाला मी सांगितलं तेव्हा तोही हसला. "आय, फॉरेस्टवाला वाटला व्हय गं तुला?" सून जिन्यात उभी होती. ती हसली नाही.

मुलगा म्हणाला, "चुकून झालंय तिच्याकडून. नव्यानं भरू."

सून म्हणाली, "चुकून न्हाय. त्यांना तसंच वाटतंय."

ती बोलली ते खरं होतं. ती वर बसून बटणं दाबते, त्याला धंदा म्हणायचं आणि तो तिचा म्हणायचा, हे माझ्या मनाला पटलं नव्हतं. आणि पटणार कसं? मेंढरांचं खांड मी राखलं. लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन मी चालले. कोकरं मी काढली, रात्रीबेरात्री. पण ती धन्याची, हे मी फॉरेस्टवाल्याला सांगायचे तसं स्वतःलाही सांगायचे. विकली तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि विचारायला पाहिजे होतं असं मलाही वाटलं नाही. साहेबाशी मी खोटं बोलले असं लोक म्हणतात. त्या वेळी मला ते खोटं वाटत नव्हतं, हे जास्त वाईट आहे.

सात-आठ दिवसांनी अर्ज नाकारल्याचं आलं. सुनेनं मला वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली: या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

मी म्हणाले, "चल, मी येते त्या साहेबाकडं. सांगते."

"काय सांगणार?"

"धंदा तुझा हाय म्हणून."

एसटीनं बारामतीला गेलो. वाटेत ती फोनमध्ये बघत होती, मी खिडकीतून ऊस बघत होते. ऑफिसात तोच माणूस होता. त्यानं मला ओळखलं.

"आजी, त्या दिवशी तर तुम्ही म्हणाला होता धंदा नाही."

"खोटं बोलले."

"का?"

"सवय हाय."

शेजारच्या टेबलावरची बाई हसायला लागली. तो पण हसला. म्हणाला, "अशी कबुली आम्हाला कुणी देत नाही." पण काम होईना. अर्ज बंद झाला होता, त्यात आता काही करता येत नव्हतं. नवा अर्ज, नवा संमतीचा कागद, खोलीचे फोटो, दाराला बोर्ड, आणि पुन्हा पाहणी. मी म्हणाले, चला आत्ता, दावते. तो म्हणाला, आजी, माझ्याकडं अजून कितीतरी गावं आहेत, नंबर लावूनच यावं लागतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं मी सांगितलं तेच लिहिलं होतं.

मुलानं वालचंदनगरहून बोर्ड करून आणला. त्यावर धंद्याचं नाव आणि खाली सुनेचं नाव, मालक म्हणून. तो दाराला लागला त्या दिवशी धाकटा दीर काठी टेकत आला. वाचून झाल्यावर म्हणाला, "वैनी, दुकान घातलं व्हय? साबण मिळतोय का?"

"तुमच्या अंगाला पुरंल एवढा न्हाय."

"आन मालक सून? मग आमचं पोरगं काय, गडी का?"

"त्याला इचारा. मला काय इचारताय."

असं मी बोलले खरी, पण तो बोर्ड बघून मलाही चमत्कारिकच वाटत होतं. येताजाता नजर जायची. आमच्या घराला बाईचं नाव आजवर कधी लागलं नव्हतं. घर माझं आहे, पण माझंही कुठं लिहिलेलं नाही, घरपट्टीच्या पावतीवर सोडलं तर.

दुसरी पाहणी झाली. या वेळी सून चार दिवस घराबाहेर पडलीच नव्हती. मी ओट्यावर बसून होते. तिनं त्यांना वर नेलं, सगळं दाखवलं. नंबर मिळाला, मग बँकेचं झालं, मग बाजारवाल्यांनी तिला विकणारी म्हणून घेतलं. तोवर हैदराबादवाल्यांनी दिलेला महिना सरत आला होता. तिनं आणखी पंधरा दिवस मागून घेतले.

आता खरा माल पुढं गेला. बाजारवाल्यांची माणसं आधी स्वतः वापरून बघतात आणि मगच दुकान उघडू देतात. त्यांनी एकदा माघारी पाठवलं. त्यांना बघण्यासाठी जी वाट करून द्यायची असते ती त्यांच्याकडं उघडत नव्हती. सुनेनं दोन दिवसांत दुरुस्त करून परत पाठवलं. मग नुसतं थांबायचं. ती दर तासाला उघडून बघायची, तिथं एकच लिहिलेलं असायचं, तपासणी चालू आहे. पोरगी आता "लागलं का दुकान" असं विचारत नव्हती. आईच्या तोंडाकडं बघायची आणि दप्तर आवरायला लागायची.

मग कर्नाटकातल्या माणसाचा फोन आला. सून अंगणात उभी राहून बोलली. हिंदीत बोलत होती, मला अर्धंच कळलं. "हां सर. समझती हूँ सर. कोई बात नहीं." फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"काय म्हणाला?"

"त्यांच्या पाळ्या सोमवारपासून सुरू व्हत्यात. त्यांनी दुसऱ्याचं घेतलं. त्याच बाजारातनं."

"चांगलं हाय का ते?"

"माहीत न्हाय. असंल."

मी म्हणाले, "मला नंबर दे. मी बोलते त्याच्याशी. चूक माझी झाली म्हणून सांगते."

"त्याला काय करायचंय आत्या त्याचं," ती म्हणाली. "त्याला सोमवारी पाणी सोडायचंय."

हे बरोबर होतं. माझ्याही विहिरीवर मी कुणाची वाट बघितली नसती.

तिनं हैदराबादला जाण्याचं नक्की केलं. बॅग भरायला दोन दिवस लागले. पोरीचे कपडे, वह्या, औषधं, शाळेत कुठल्या दिवशी कुठले बूट, हे सगळं तिनं मला सांगितलं आणि एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं. मला ते लागलं. मी पाच पोरं वाढवली. पण कागद घेतला. आता माझ्यावर काही सोडायचं तर ती लिहूनच सोडणार, हे मीच करून ठेवलं होतं.

इंदापूरला हायवेवर हैदराबादची बस थांबते. संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. पोरगी बापाच्या गाडीवर पुढं बसून आली. ट्रकांच्या आवाजात नीट बोलता येत नव्हतं. मुलगा चहा आणायला गेला तेव्हा मी सुनेला म्हणाले, "माझ्यामुळं झालं."

तिनं "तसं नाही" म्हटलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "आठ आणे तुमच्यामुळं. आठ आणे माझ्यामुळं. साहेब येणार हे माहीत असताना मी बारामतीला जायला नको होतं. अन् तुमाला नीट बसवून सांगायला पायजे होतं. मला वाटलं, तुमाला काय सांगायचं."

"मला सांगून कळलं नसतं."

"विहिरीचं तर तुमीच मला सांगितलं की सगळं."

बस आली. पोरीनं विचारलं, "किती दिवस?" सून म्हणाली, "यात्रेला येते." पोरगी रडली, सगळी पोरं रडतात तशी. सून वर चढली आणि खिडकीत दिसली नाही. पलीकडच्या बाजूची जागा होती.

ती गेली त्याच्या नवव्या दिवशी बाजारात दुकान उघडलं. तिनं तिकडून फोटो पाठवला. सोबत मराठीतही लिहिलं होतं, ते पोरीनं मला वाचून दाखवलं. वर आमच्या विहिरीसारखं चित्र, खाली मी सांगितलेलं वर्णन, कुणाची पाळी आणि किती तास, आणि विकणारी म्हणून सुनेचं नाव. अडचण आल्यास फोन, तिथं घरचा नंबर होता. दोन वेळा फोन आलाही. मी सांगितलं, मालकीणबाई हैदराबादला आहेत, तुमचा नंबर द्या, त्या दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन करतील. साताऱ्याकडच्या एका लहानशा संघानं ते घेतलंही. तेवढ्यावर कुणी नोकरी सोडत नाही.

यात्रेला ती आली. तीन दिवस होती. दोन दिवस माडीवर बसून काम केलं आणि एक दिवस पोरीला घेऊन फिरली. पोरगी पहिल्या दिवशी तिच्याजवळ झोपली नाही, माझ्याकडं आली. दुसऱ्या दिवशी झोपली.

आता रोज संध्याकाळी फोन येतो. आधी पोरगी फोन सोडायची नाही, रडायची, मला हिसकावून घ्यावा लागायचा. आता तसं नाही. शाळेत काय झालं ते भराभर सांगते, "बाय मम्मी" म्हणते, फोन माझ्या हातात देते आणि पळते. ती रडायची तेव्हा मला वाटायचं, कधी थांबेल. आता थांबली तर मला ते बघवत नाही.

परवा ती अशीच पळाली. मी फोन कानाला लावला.

सून म्हणाली, "कुठं गेली?"

"खेळतीय अंगणात."

मी अंगणाकडं बघितलं.

"बोलवू का?"

"नको. खेळू द्या," ती म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. तिकडून पंख्याचा आवाज येत होता. मीही ठेवला नाही. अंगणात पोरीचा आरडाओरडा चालला होता, तो तिला ऐकू जावा म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले.